कोकल्याचा डूख

"बंद करा त्या कोकल्याला! डोकं उठवलंय सकाळपासून. आणि कशासाठी, तर म्हणे शी बघायची वेळ झाली!"

साहेब हे खेकसले तेव्हा त्यांचं तोंड माझ्यापासून जेमतेम वीतभर लांब होतं. त्यांना वाटलं, पत्र्याच्या डब्याला काय कळतंय. मित्रांनो, पत्र्याच्या डब्याला सगळं कळतं. फक्त त्याला विसरता येत नाही.

तो कोकल्या म्हणजे मी. तुमच्या ओंजळीत मावेल एवढा, गोल पोटाचा, जागोजागी रंग उडालेला एक म्हातारा टायमर. माझ्या तोंडावर साठपर्यंत आकडे आहेत. माझी मुंडी पिरगाळली की मी चालू होतो. बाकीच्यांची मुंडी पिरगाळली की त्यांचा कारभार आटोपतो, माझा तिथून सुरू होतो. पिरगाळलेली मुंडी टकटक करत हळूहळू जागेवर येते, आणि आली की मी जीव खाऊन ओरडतो. मोजणं आणि ओरडणं, एवढ्या दोन विद्या घेऊन मी जन्माला आलो. तिसरी इथे येऊन शिकलो. डूख धरण्याची.

तेव्हा कुणी गोडगोड ऐकायला बसलं असेल तर त्याने आत्ताच उठावं. ही एका सुडाची गोष्ट आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने मला कानाशी धरून वाजवलं आणि दचकून शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, काय घसा आहे! मेलेला माणूस उठून बसेल." ती माझी पहिली शाबासकी. माझ्या खोक्यातले बाकीचे भाऊ पाव-बिस्किटांच्या भट्ट्यांवर गेले. खरपूस वासात त्यांचं आयुष्य गेलं. मला एका प्रयोगशाळेने नेलं. तिथल्या वासाचं वर्णन मी करत नाही. तुमची जेवणाची वेळ असली तर उगाच माझ्या नावाने बोटं मोडाल.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब ओटा, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, कोपऱ्यात काचा धुवायचं टाकं. आतली खोली साहेबांची. मध्ये भिंत म्हणून पातळ फळ्या मारलेल्या. बाहेर कुणी शिंकलं तर आतले कागद हलत. तिथे शाळाशाळांमधून छोट्या डब्या यायच्या. झाकणावर मुलाचं नाव, आत त्याची शी. हसू नका. मुलाच्या पोटात जंत आहेत की नाहीत हे त्याला विचारून कळत नाही आणि त्याचं तोंड बघूनही कळत नाही. जंत काही हात वर करून "हजर" म्हणत नाहीत. पण त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. सापडली की औषध देता येतं.

त्या वेळी तपासणीचं काम मोठ्या बाईंकडे होतं. केस पिकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ओट्यावर मधोमध मांडलं आणि नखांना लावायच्या लाल रंगाने माझ्या तीस आकड्यावर ठिपका काढला. इतका जपून, की मला वाटलं माझं बारसं चाललंय.

ठिपक्याचं कारण मला कळलं ते त्या नवीन आलेल्या ताईला शिकवत होत्या तेव्हा. ताई तेव्हा कोवळी होती, नाकाला रुमाल लावून उभी.

"रुमाल काढ," मोठ्या बाई म्हणाल्या. "वासाला घाबरलीस तर दिसायचं ते दिसणार नाही. हे बघ. शी जाळीतून गाळायची. या भोकाच्या पट्टीने मापायची, म्हणजे प्रत्येक काचेवर सारखीच येते. वर हा ग्लिसरिनमध्ये भिजवलेला पातळ कागद दाबायचा. आता हा थर निवळत जातो, गढूळ पाणी निवळतं ना, तसा. अर्ध्या तासात आतली अंडी दिसायला लागतात. तेव्हा हा ओरडेल." त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "ती पहिली घंटा. लगेच पुन्हा अर्ध्या तासाची चावी द्यायची. ती दुसरी घंटा. बघणं या दोन घंटांच्या मध्ये झालं पाहिजे."

"आणि दुसरी घंटा होऊन गेली तर?"

"गोल जंताची अंडी जाड कातडीची. ती उद्या बघ, परवा बघ, चिवट पाहुण्यासारखी बसून राहतात. पण हा अंकुशकृमी लबाड आहे. त्याच्या अंड्याचं टरफल इतकं पातळ, की ग्लिसरिन जास्त मुरलं की अंडंही निवळून जातं. मग काच बघशील तर लख्ख! तू लिहिशील, जंत नाहीत. जंत असतात गं. तू उशिरा आलेली असतेस."

ताईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. मी ओरडलो की ती हातातलं टाकून धावायची, "आले रे बाबा, आले!" म्हणत. मला कुणी उत्तर देतं याचं मला इतकं अप्रूप होतं म्हणून सांगू.

काचा धुणारे शिपाई मामा मला कोकल्या म्हणायला लागले. "हा माझ्या सासूचा सख्खा भाऊ शोभतो," ते म्हणत. "तीही अर्ध्या तासाला ओरडायची, आणि तिचंही ऐकावंच लागायचं." सगळे हसत. मीही माझ्या परीने टकटकत असे.

आता या अंकुशकृमीची ओळख करून देतो, कारण तो माझा पहिला वैरी. हा दोऱ्याच्या तुकड्याएवढा जंत. ओल्या मातीत त्याची पिल्लं टपून बसतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. फिरत फिरत आतड्यात पोचतात, तिथे दातांनी चिकटून रक्त पीत बसतात. एकेक थेंब. मूल दिसायला धडधाकटच दिसतं. मग हळूहळू ते फिकं पडतं. पळताना मागे राहतं. वर्गात फळ्याकडे बघता बघता डोळे मिटतं, आणि घरचे म्हणतात, आळशी आहे. कित्येक वर्षं मी, ताई आणि मोठ्या बाई मिळून त्या चोराला रोज पकडत होतो. मी ओरडायचो, त्या पकडायच्या.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या. जाताना माझ्यावरची धूळ पदराने पुसून गेल्या. आणि नवे साहेब आले.

साहेब वाईट होते असं म्हणून मी मोकळा झालो असतो, पण तसं नव्हतं. ते कामसू होते. त्यांना जास्त शाळा तपासायच्या होत्या. त्यांनी एक दिवस ओट्यापाशी उभं राहून सांगितलं, "हे काय, चार काचा बनवा, चार बघा, पुन्हा चार बनवा? यात दिवस जातो. सकाळी सगळ्या काचा बनवायच्या. जेवून घ्यायचं. मग निवांत बसून एका दमात शंभर बघायच्या."

ताई म्हणाली, "पण साहेब, ती घंटा…"

"घंटेला आपण कामावर ठेवलंय, की घंटेने आपल्याला?"

मामा हसले. साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. आणि ताईही हसली. अगदी थोडंसं, ओठांच्या कडेने. पण हसली. ते मी टिपून ठेवलं.

मी मात्र ओरडत राहिलो. बनवलेली काच ओट्यावर आली की मामा सवयीने माझी मुंडी पिरगाळत, आणि अर्ध्या तासाने मी ठणाणा करत असे. आत साहेब टेलिफोनवर वरच्या साहेबांशी बोलत असत. तेव्हाच ते एकदा बाहेर आले आणि मघाशी सांगितलं ते माझ्या तोंडावर बोलले. वर मामांना म्हणाले, "याच्या घशात काहीतरी कोंबा."

मामांनी कापसाचा बोळा घेतला. माझ्या पाठीला एक फट आहे, तिच्यातून काडेपेटीच्या काडीने त्यांनी तो आत ढकलला. घंटा आणि तिच्यावर आपटणारी छोटी हातोडी यांच्या मध्ये, ठासून. "गप बस रे बाबा," ते म्हणाले, "तुझ्यापायी माझी नोकरी जायची." मग मला खणात टाकलं. तिथे वाळलेली पेनं होती, मोडक्या चष्म्याची एक दांडी, आणि रबरांचा गुंता. खण बंद झाला.

मित्रांनो, अंधारात दोनच गोष्टी वाढतात, बुरशी आणि राग. मी राग निवडला.

मी डूख धरला. साहेबांवर धरला, कारण हुकूम त्यांचा होता. मामांवर धरला, कारण हात त्यांचे होते. पण सगळ्यात जास्त ताईवर धरला. साहेब नवखे होते, मामांना कुणी काही शिकवलं नव्हतं. ताईला माहीत होतं. जिने मला "आले रे बाबा" म्हटलं, तिने एकदाही खण उघडून बघितला नाही.

मुंडी कुणी पिरगाळली नाही तरी मोजायची सवय जात नाही. ओट्यावर काच ठेवल्याची टिक् मला खणातून ऐकू यायची. मग डबे उघडल्याचा आवाज, जेवताना मामांचे विनोद, हात धुणं, आणि मग कधीतरी ताईची खुर्ची सरकल्याची कर्रर्र. त्या टिक् आणि त्या कर्रर्रच्या मधला वेळ मी मोजायचो. चार तास. कधी साडेचार. एकदा साहेबांनी सगळ्यांना कसल्याशा सभेला नेलं, तेव्हा काचा दुसऱ्या दिवशी बघितल्या. ताई मोठ्याने वाचायची आणि साहेब लिहून घ्यायचे.

"अंकुशकृमी?"

"शून्य."

"पुढची?"

"शून्य."

शून्य म्हणताना तिचा आवाज आधी अडखळायचा. मग अडखळेनासा झाला. मला ते जास्त लागलं.

दुपारी मी सुडाचे बेत करत पडायचो. साहेब खण उघडतील आणि मी नेमका त्यांच्या अंगठ्यावर पडेन. किंवा ते वरच्या साहेबांना "हो सर, हो सर" करत असतील, तेव्हा कापूस गळून पडेल आणि मी असा कोकलेन, असा कोकलेन, की टेलिफोन त्यांच्या हातातून सुटेल. ताईसाठी वेगळा बेत होता. तिच्या स्वप्नात जाऊन वाजायचं. रोज. दर तीस मिनिटांनी.

तेवढ्यात साहेबांची वाहवा होऊ लागली. इतक्या शाळा, इतक्या काचा, आणि अंकुशकृमी कुठेच नाही! एका शाळेला तर "जंतमुक्त शाळा" अशी पाटी मिळणार असं ठरलं. पाटी लागली की तिथल्या मुलांना वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी बंद. नसलेल्या जंताला औषध कशाला?

ती शाळा मामांच्या नातीची होती.

तिच्याबद्दल मी खणातूनच ऐकलं. मामा काचा घासता घासता ताईला सांगत होते, "पोरगी खडू खाते हो. वर्गातले खडू चोरून खाते. पोरांनी नावच पाडलंय, खडू. ओल्या भिंतीची माती चाटते. आठ वर्षांचं वय, आणि जिना चढताना म्हातारीसारखी कठड्याला धरून थांबते. काल मारलं मी तिला. नंतर मलाच जेवण गेलं नाही."

मामांचं घासणं थांबलं.

"जंत तर नाहीत ना हो तिला? पण तुम्हीच बघितली की तिची काच. स्वच्छ होती ना?"

मी मोजलं. अकरा टक् होतील इतका वेळ ताई गप्प होती.

"हो मामा," ती म्हणाली. "स्वच्छ होती."

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला उकळ्या फुटल्या. म्हटलं, भोगा! ज्या हातांनी माझ्या घशात बोळा कोंबला, त्या हातांना कळू दे. मनातल्या मनात मी नाचलो. रात्रीपर्यंत नाचलो. मग मला कठड्याला धरून उभी असलेली ती पोर दिसायला लागली. तिने काय माझ्या घशात कापूस घातला होता? माझा डूख तिच्या अंगावर फिटत होता आणि मी टाळ्या वाजवत होतो. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच किळस आली. डूख काही मी सोडला नाही, तेवढा मी भला नाही. फक्त त्यात आणखी एक नाव वाढलं. आता मला त्या पोरीच्या वतीनेही सूड घ्यायचा होता.

आणि एक दिवस खण उघडला.

"मामा, तो कोकल्या काढा," साहेब सांगत होते. "वरून बाई येणारेत तपासणीला. त्यांच्या यादीत टायमर आहे. ओट्यावर दिसला पाहिजे. दिसला, म्हणतोय. ऐकू येता कामा नये."

मला पुसून ओट्यावर ठेवलं. भिंतीला ती नवी पाटी टेकवून ठेवली होती, रंग अजून ओला होता. पाटी घ्यायला त्या शाळेचे हेडमास्तर आले होते, नवे बूट करकरत. आणि त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून, एक मुलगी. ओठ आणि गाल एकाच रंगाचे. बोटांच्या टोकांना खडूची पूड.

"प्रार्थनेला उभी होती, चक्कर येऊन पडली," हेडमास्तर मामांना म्हणाले. "म्हटलं इकडेच येतोय, तर आजोबांकडे सोडावी."

पाहुण्या बाई बुटक्या होत्या, आवाज बारीक, आणि कुठल्याच गोष्टीची घाई नसलेल्या. त्यांनी यादीवर खुणा केल्या. सूक्ष्मदर्शक, आहे. जाळ्या, आहेत. टायमर, आहे. मग त्यांची नजर दाराकडे गेली. त्या उठल्या, मुलीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत बघितलं.

"ही कोण?"

"माझी नात, बाई," मामा म्हणाले.

"हिची तपासणी झालीय?"

"झालीय ना!" साहेब म्हणाले. "स्वच्छ आहे. पूर्ण शाळाच स्वच्छ आहे, म्हणून तर ही पाटी."

"छान. मला एक काच करून दाखवायचीच आहे तुम्हाला. हिचीच करा."

मग एक गंमत झाली. एका आठ वर्षांच्या मुलीच्या हातात डबी देऊन तिला मागच्या संडासात पाठवलं, आणि इकडे पाच मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने तिची वाट बघत बसली. हेडमास्तर दोनदा खाकरले. पोरगी शहाणी. जरा वेळाने डबी भरून, झाकण नीट लावून घेऊन आली आणि ताईला म्हणाली, "एवढी पुरेल?"

"पुरेल गं," ताई म्हणाली. तिने जाळी धरली, पट्टी ठेवली, कागद दाबला. काच ओट्यावर ठेवली. टिक्.

पाहुण्या बाईंनी मला उचललं. "हा लाल ठिपका कसला?"

"आधीच्या बाईंनी लावलाय," ताई म्हणाली. का लावलाय ते सांगितलं नाही.

बाईंनी माझी मुंडी ठिपक्यापर्यंत पिरगाळली. किती महिन्यांनी! माझ्या पोटातली स्प्रिंग कळवळली, पण चालली. साहेब म्हणाले, "चला, तोवर आत चहा घेऊ. काचा काय, आम्ही दुपारी… म्हणजे, सावकाश बघता येईल."

"मी इथेच बसते," बाई म्हणाल्या. "मला घड्याळाकडे बघत बसायला आवडतं."

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. साहेब घाम पुसत होते. मामा धुतलेल्याच काचा पुन्हा धुवत होते. मी एकेक टक् चवीने टाकत होतो. येऊ दे वेळ, म्हणत होतो, येऊ दे.

वेळ आली आणि मी सगळा जीव गोळा करून ओरडलो. बाहेर पडलं, "घुर्रर्र." म्हाताऱ्या मांजरासारखं.

"याला सर्दी झालीय का?" बाईंनी मला उलटं केलं, फटीत डोकावल्या. मग केसातला आकडा काढून आत घातला आणि ओढला. काळपट, लांबलचक कापूस बाहेर आला. येतच राहिला. "अगंबाई! हा कुणी घातला?"

मामांनी खाली बघितलं. "आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून…"

बाकी काही ऐकू आलं नाही, कारण माझ्या पोटात अजून थोडी चावी उरली होती. मी ओरडलो. फळ्यांची भिंत थरथरली. साहेबांचा हात डोक्याकडे गेला. हेडमास्तरांचे बूट जागच्या जागी करकरले. मुलगी दचकली आणि मग खुदकन हसली. मित्रांनो, सूड गोड असतो असं म्हणतात ते खरं आहे. तेवढा वेळ तरी.

ताई आपसूक उठली होती. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही, पण "आले रे बाबा" हेच ते शब्द. ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. डाव्या हातात मोजायची कळ. अंडं दिसलं की कळ दाबायची.

टिक्. टिक् टिक्. टिक् टिक् टिक्.

खोलीत दुसरा आवाज नव्हता. ती थांबेचना. मी शंभरपर्यंत मोजलं, मग दीडशेपर्यंत. शेवटी ती बाजूला झाली आणि पाहुण्या बाईंनी स्वतः डोळा लावला.

"अंकुशकृमी," त्या म्हणाल्या. "गच्च भरलेत. आणि मागच्या वेळी या मुलीचं शून्य होतं?"

आता बघा, मोठी माणसं कशी बोलतात.

"ही एकटीच असेल," साहेब म्हणाले. "बाहेरगावी गेली असेल मध्यंतरी."

"नात तशी अनवाणीच फिरते हो. कितीदा सांगितलं," मामा म्हणाले.

हेडमास्तर पाटीकडे बघत म्हणाले, "बाई, मुलांचं तुम्हाला माहीत नाही. सकाळी एखाद्याला होत नाही, मग तो दुसऱ्याच्या डबीतली घेतो. आमच्याकडे तर एकाने पाच जणांना वाटली होती! हिनेही मागच्या वेळी तसंच केलं असणार. काय गं? दुसऱ्या कुणाची आणली होतीस ना?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. साहेब जरा पुढे वाकले. "खरं सांग. कुणी रागावणार नाही."

"माझीच होती," मुलगी म्हणाली.

"नीट आठव."

तिने आजोबांकडे बघितलं. आजोबा टाक्याकडे बघत होते. तिने ताईकडे बघितलं. ताई सूक्ष्मदर्शक पुसत होती. तिने एकेकाचा चेहरा बघितला, आणि सगळ्यांना काय हवंय ते तिला कळलं. मुलांना ते फार लवकर कळतं.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्या मुलीची आणली होती."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हेडमास्तर म्हणाले, "बघा!" पाहुण्या बाईंनी पेन उघडलं.

तुम्हाला वाटेल, आता मी ओरडलो असेन. मला ओरडायचं होतं. सहा महिने मी याच क्षणासाठी दात ओठ खात पडलो होतो. पण माझी मुंडी जागेवर आली होती, पोटातली चावी संपली होती. कुणी पिरगाळल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. चपला घाला, हात धुवा, वर्षातून दोनदा मिळते ती गोळी गिळा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगतो, की एखाद्याच्या आवाजाने तुमचं डोकं उठलं, तर त्याच्या घशात कापूस कोंबायच्या आधी तो कशासाठी ओरडतोय ते विचारा. आणि ज्याला कारण माहीत आहे त्याने हसून गप्प बसू नये. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

टाक्यापाशी भांडं पडल्याचा आवाज झाला.

"नाही बाई," मामा म्हणाले. हात ओलेच होते. "पोर खोटं बोलतेय. मागच्या वेळची डबी तिचीच होती. मी स्वतः संडासाच्या दाराबाहेर उभा होतो. झाकण मी लावलं, नाव मी लिहिलं, आणि सकाळी येताना पिशवीतून मीच घेऊन आलो."

"मग ती काच स्वच्छ कशी निघाली?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

साहेब पाटीकडे बघायला लागले. हेडमास्तर बुटांकडे. पाहुण्या बाई कुणाचीच घाई न करता बसून राहिल्या. मुलगी चौकट सोडून आजोबांजवळ जाऊन उभी राहिली होती, आणि तेवढं चालल्यानेही तिला धाप लागली होती. ती धाप सगळ्यांना ऐकू येत होती.

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"स्वच्छ नव्हती," ती म्हणाली. "अंडी होती. काचा सकाळी बनवून आम्ही त्या जेवून झाल्यावर बघतो, तोवर अंडी विरघळून जातात. हिच्या एकटीच्या काचेतली नाही, सगळ्या शाळांच्या काचांमधली. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."